आमचा राइट बॅक त्यांनी नेला

आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी फळीवर एक फुटबॉल होता. अंबरनाथ पश्चिमेच्या संघाचा मॅचचा बॉल, आणि त्या संघाचे सर्वेसर्वा म्हणजे आमचे बाबा. कारखान्यात टर्नर होते, पण कोणी विचारलं तर स्वतःला ‘फुटबॉलवाला’ म्हणवायचे. दर रविवारी ते त्या बॉलला खोबरेल चोळत. मी केसांना दोन थेंब जास्त घेतले की मात्र ‘तेल काय नळाला येतं का?’ असं विचारत.

संध्याकाळी आमच्या चाळीच्या ओट्यावर दहा-बारा पुरुष जमायचे आणि पूर्वेच्या संघाचा उद्धार करायचे. पूर्वेचा संघ एका रंगाच्या कंपनीचा होता. कंपनीतले नोकरभरतीचे साहेबच संघाचे मॅनेजर. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. ते आमचे खेळाडू पळवायचे, आणि पळवायची रीत एकच: नोकरी. सहा महिने टेम्पररी, मग साहेबांनी शेरा मारला की पर्मनंट. दोन वर्षांत आमचा सेंटर फॉरवर्ड गेला, मग लेफ्ट विंगर गेला.

‘त्याला फुटबॉलमधलं काय घंटा कळतं? कॅरम खेळणारा माणूस तो!’

‘आणि नेला कोणाला? त्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा मी स्वतः शेकलाय. दोन पावसाळे नाही टिकायचा.’

‘विंगर तर नुसता पळतो रे. कुत्रं पण पळतं.’

हेच दोघं परवापरवापर्यंत आमचे हिरे होते. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, दुसरं काय. शिव्या देणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी बेकार पोरगा होता, आणि साहेबांनी नुसतं बोट हलवलं असतं तर तो अनवाणी रूळ ओलांडून गेला असता. ते कोणी बोलायचं नाही.

आता आमच्या राइट बॅकविषयी, म्हणजे गोलाची उजवी बाजू अडवणाऱ्याविषयी. उंच, सावळा, आयटीआय केलेला, हसला की गालाला खळी पडायची आणि खेळात शून्य. समोरून बॉल आला की तो बाजूला व्हायचा, वडीलधाऱ्यांना वाट द्यावी तसा. बाबा म्हणायचे, ‘हा बॅक नाही, फाटक आहे. तेही उघडं.’ वडील नव्हते, आई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया. संघात अकरावा माणूस मिळत नव्हता म्हणून तो होता.

आणि मला तोच हवा होता. आमचं दोघांचं ठरलेलंही होतं. पण बाबांचा नियम साऱ्या चाळीला ठाऊक होता: पर्मनंट नोकरी नाही त्याला मुलगी नाही. त्याच सुमाराला बदलापूरहून मला एक स्थळ आलं. मुलगा सरकारी खात्यात, पर्मनंट, आणि बोलायला लागला की समोरच्याला जांभई यायची. बाबांना तो पसंत होता. दिवाळीनंतर सुपारी फोडू, असं आईला सांगूनही झालं होतं. मी रडले, मग रडून काही होत नाही हे लक्षात आल्यावर विचार करायला लागले.

मी तेव्हा उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात काजं-बटणं करायचे. आमचे सिंधी शेठ, त्यांना सगळे साईं म्हणत, एक युक्ती हमखास करायचे. जो माल खपत नसेल तो गिऱ्हाइकासमोर मला आत न्यायला सांगायचे. ‘अरे वो मत दिखा, वो बेचने का नहीं है, घर का माल है.’ की गिऱ्हाइकाला नेमका तोच पाहिजे असायचा.

एका संध्याकाळी चहाचा ट्रे घेऊन ओट्यावर गेले तेव्हा साहेबांची पिसं काढणं चाललंच होतं. मी म्हटलं, ‘तुम्ही ज्याला हिरा म्हणून मिरवता, त्यालाच ते नेतात. मग एखाद्या भंगाराला हिरा म्हणा ना. नेऊ देत.’

ओट्यावरून एकाने विचारलं, ‘भंगार म्हणजे कोण?’ आणि सगळे एकदम म्हणाले, ‘राइट बॅक!’ मला त्याचं नाव घ्यावंच लागलं नाही. बाबा माझ्याकडे कौतुकाने बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी फुटबॉलबद्दल शहाण्यासारखं बोलले होते.

स्टेशनजवळच्या सलूनमध्ये साहेब दर रविवारी दाढीला यायचे. ते खुर्चीत, तोंडाला फेस, डोळे मिटलेले. मागच्या बाकड्यावर बाबा पेपर धरून बसायचे आणि न्हाव्याला ऐकवायचे. ‘बाकी गेले तर गेले रे. पण आपला राइट बॅक गेला तर मी संघच बंद करीन. पोरगं सोनं आहे. निर्व्यसनी. आईला देवासारखं जपतो. ज्याच्या घरात जाईल त्याचं नशीब उजळेल.’ न्हावी आमचाच माणूस, आमच्या सगळ्या मॅचेस बघितलेला. पहिल्या रविवारी हसू आवरता आवरता त्याच्या हातून साहेबांच्या हनुवटीला ब्लेड लागलं. बाबा घरी येऊन चूळ भरायचे. म्हणायचे, तोंड विटाळलं.

दसऱ्याच्या आत साहेबांनी आमच्या राइट बॅकला नेलं, पॅकिंग खात्यात. ओट्यावर जिलबी वाटली. बाबा म्हणाले, ‘आता बघा, याच फाटकातून जाऊन आपण कप आणू.’ मी चार जिलब्या खाल्ल्या. वर असंही म्हटलं, की बदलापूरच्या स्थळाची एवढी घाई नको, फायनल होऊ दे. फायनलचं नाव काढल्यावर बाबा कशालाही हो म्हणायचे.

पण साहेब त्याला खेळवेनातच. एकामागून एक मॅच झाली, आणि हा बाहेर बसून लिंबाच्या फोडी वाटतोय. ओट्यावर चर्चा पेटली. ‘जपून ठेवलाय, फायनलला काढणार.’ ‘खेळवायचं नव्हतं तर नेला कशाला? येडा मॅनेजर!’ मला मात्र झोप लागेना. न खेळणाऱ्याला साहेब पर्मनंट कशाला करतील? आणि त्यात पूर्वेवाले फायनल हरले तर सगळा राग या लिंबूवाल्यावरच निघणार. सहा महिने भरत आले होते.

फायनल बदलापूरच्या मैदानावर झाली. आमच्याविरुद्धच. मी बायकांमध्ये बसून, जन्मात पहिल्यांदा, आपल्याच माणसांनी हरावं म्हणून देवाला साकडं घालत होते. पूर्वेने एक गोल केला. मग शेवटी शेवटी त्यांच्या एका बॅकचा पाय मुरगळला आणि साहेबांनी नाइलाजाने लिंबं बाजूला ठेवायला लावली.

‘उजवीकडून! फाटकातून!’ बाबा ओरडले. आमचा फॉरवर्ड तिकडूनच सुसाट निघाला. राइट बॅक सवयीप्रमाणे वाट द्यायला बाजूला झाला, धुळीत घसरला आणि आडवा पडला. फॉरवर्ड त्याला अडखळून तोंडावर आपटला. बॉल एकटाच घरंगळत रेषेबाहेर गेला, आणि शेवटची शिटी वाजली. पूर्वेच्या लोकांनी राइट बॅकला खांद्यावर घेतलं. तो बिचारा खाली उतरवा म्हणत होता.

‘आपल्यात होता तेव्हा आपलं वाटोळं केलं,’ बाबा म्हणाले, ‘आणि त्यांच्यात जाऊनही आपलंच केलं.’

पुढच्याच आठवड्यात तो पर्मनंट झाला. आणि त्या रविवारी सकाळी तो, त्याची आई आणि वडीलधारं माणूस म्हणून खुद्द मॅनेजर साहेब आमच्या दारात उभे राहिले. मला मागणी घालायला. आईने पोहे टाकले. ओट्यावरचे सगळे खिडकीला चिकटले.

बाबा लालबुंद झाले होते. तेवढ्यात साहेब म्हणाले, ‘तुमचा शब्द मी राखला बघा.’

‘कसला शब्द?’

‘सलूनमधला. अहो, पहिल्याच प्रॅक्टिसला कळलं मला, या मुलाची आणि बॉलची ओळखच नाही. परत पाठवणार होतो. मग म्हटलं, तुमच्यासारखा जाणकार दर रविवारी एवढ्या कळकळीने खोटं का बोलेल? घरात लग्नाची मुलगी असणार. जावयाला नोकरी लागावी म्हणून बापाने लाज गुंडाळून ठेवलीय. मलाही दोन मुली आहेत.’ त्यांनी चष्मा पुसला. ‘मुलगा कामाला चोख आहे. त्याला परत खेळवणार मात्र नाही.’

खिडकीतून कोणी तरी खोकलं. खरं सांगायचं झालं असतं तर बाबांना म्हणावं लागलं असतं की मी तुमचा संघ बुडवायला निघालो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, त्या संध्याकाळी ओट्यावर उभी होते तशीच. मग ते साहेबांना म्हणाले, ‘पोरीसाठी करावं लागतं, साहेब.’

पाहुणे गेले. बाबांनी फळीवरचा बॉल काढला, खोबरेलाची बाटली घेतली, आणि बॉल बाजूला ठेवून मला म्हणाले, ‘ये, बस इथं.’ तळहातभर तेल त्यांनी माझ्या डोक्यावर ओतलं. आईसुद्धा एवढं घालायची नाही. टर्नरचे राठ हात, केस ओढले जात होते. मी रडत होते आणि ते चोळत होते.

‘टुकार खेळाडू घेतलास,’ ते म्हणाले.