खोकला माझा आहे

बदलापूर स्टेशनापासून जांभूळकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, नदीच्या अलीकडे, मुंबईच्या एका शेठ घराण्याचा बंगला होता. तीन पिढ्यांपूर्वी बांधलेला. शेठ मंडळी वर्षातून एकदा, आंब्यांच्या दिवसांत येत. एरवी बंगला, बाग आणि बागेच्या टोकाला असलेली पाहुण्यांची खोली एका रखवालदाराच्या ताब्यात असे. स्वातंत्र्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन तो बंगला पाहायला गेलो. ‘पाहायला’ हे चाळीत सांगण्यापुरतं होतं. ताईला क्षय झाला होता आणि आम्हाला ती खोली हवी होती.

आम्ही अंबरनाथला कामगारांच्या चाळीत राहत होतो. मी कारखान्यात टाइमकीपर होतो. एक खोली, तिच्यात आई आणि मी. ऑक्टोबरात ताईच्या सासरच्यांनी तिला आणून सोडलं. “बरी झाली की घेऊन जाऊ,” असं तिचा दीर दारातूनच म्हणाला. आत आला नाही. पंधरा दिवसांत चाळीतल्या बायकांनी ताईच्या मागोमाग नळावर हंडा लावणं बंद केलं. दिवाळीनंतर शेजारचा बिऱ्हाडकरू आला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “आमची पोरंबाळं आहेत हो. तुम्हीच काय ते बघा.” रोगाचं नाव त्यानेही घेतलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमध्ये, लष्करी बराकीतल्या एका खोलीत, एक सिंधी डॉक्टर बसत. घरदार, दवाखाना, सगळं सिंधमध्ये टाकून आले होते. त्यांनी ताईला तपासलं आणि क्षयाच्या रुग्णालयात नाव नोंदवण्यासाठी चिठ्ठी दिली. यादी लांब होती. नव्या इंजेक्शनांची नुसती चर्चा होती. आमच्यापर्यंत ती पोचणारी नव्हती.

“बेड का नंबर आएगा, साईं,” डॉक्टर म्हणाले. “तब तक इसको चाल में मत रखो. खुली हवा, दूध, आराम.”

“हवा कुठे मिळते?” ताईने विचारलं.

“हमको पूछती है?” ते हसले. “हम तो बराक में बैठे हैं, बेटी.”

माझ्या मामांच्या ओळखीचा एक जण शेठच्या पेढीवर कारकून होता. त्याने रखवालदाराच्या नावे चिठ्ठी दिली: बाईंना अशक्तपणा आहे, हवापालटासाठी दोन-तीन महिने खोली द्यावी. चिठ्ठी देताना त्याने बजावलं की शेठच्या घरात कोणी एक जण क्षयानेच गेला होता, आणि तेव्हापासून खोकणाऱ्या माणसाला त्या आवारात जागा नाही. रखवालदार आधी बंगला दाखवतो, बाग दाखवतो, त्या वेळात माणूस पारखतो आणि मग खोलीची किल्ली देतो किंवा देत नाही.

म्हणजे ताईला एक बंगला आणि एक बाग, एवढं अंतर न खोकता चालायचं होतं.

आईने तिला ज्येष्ठमधाच्या दोन काड्या दिल्या. टांग्यात तिने एक तोंडात धरली. फाटकाशी उतरताना म्हणाली, “तू बोलत राहा. मला काही विचारलं तर तूच उत्तर दे.”

रखवालदार पन्नाशीचा, जवळच्याच गावचा शेतकरी. अंगात बंडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चिठ्ठी त्याने वाचली नाही, घडी घालून टोपीत ठेवली.

“आधी बंगला बगा. खोली काय, पळून जात नाय.”

तो सगळं सावकाश दाखवी. दिवाणखान्यातल्या खुर्च्या पांढऱ्या कापडांनी झाकलेल्या होत्या. भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा होता.

“बेल्जमचा. बोटीनं मुंबई, मुंबईपासून हितं बैलगाडीनं. माझा आजा गाडीसंगं चालत होता, बैलापुढं. एक चरा नाय. बाय, जवळ येऊन बगा.”

ताई जवळ गेली. तिचे ओठ मिटलेले होते. गळ्याजवळची शीर वरखाली होताना मला आरशात दिसली. मी झुंबराबद्दल विचारलं, मग लाकडाबद्दल, मग थोरल्या शेठच्या तसबिरीबद्दल. रखवालदार प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देई आणि पाहत राही ताईकडे.

जिना चढून वर गेलो, उतरलो, बाजूच्या दाराने बागेत आलो. चिकूची झाडं, रामफळ, बकुळ. मधोमध संगमरवरी कारंजं, कोरडं. त्यापलीकडे हापूसची कलमं आणि कलमांच्या मागे ती खोली. खोली पन्नास पावलांवर असेल. कारंज्यापाशी येईपर्यंत ताई एकदाही खोकली नव्हती. तिच्या कपाळावर घाम होता. नोव्हेंबरची सकाळ होती.

कलमांखाली कोणीतरी पालापाचोळा पेटवून ठेवला होता. वारा फिरला.

ताईने पदर तोंडाशी नेला आणि बकुळीकडे तोंड केलं. दोनदा खोकली. तिसऱ्या खेपेला मी खोकायला लागलो. मोठ्याने, रुमाल तोंडावर धरून, ती थांबेपर्यंत.

रखवालदार वळला. “कोन खोकलं?”

“मी. खोकला माझा आहे.”

“कवापासून?”

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. डॉक्टरांनी, रुग्णालयातल्या कारकुनाने, मामांनी, सगळ्यांनी महिनाभर हाच प्रश्न विचारला होता आणि मी एकच उत्तर देत आलो होतो. तेच तोंडातून गेलं.

“गणपतीपासून.”

“कालपासून” म्हणालो असतो तर तिथेच निभावलं असतं. रखवालदार दोन पावलं मागे सरला. माहिती खरी होती, माणूस तेवढा बदलला होता.

“आन् बायला?”

“तिला अशक्तपणा.”

तो बराच वेळ जुडगा हातात फिरवत राहिला. मग एक किल्ली काढून ताईच्या हातात दिली. “बाय राहील. तुमी या फाटकाच्या आत पुन्ना यायचं नाय. शेठचा हुकूम हाय.”

तेव्हापासून दर रविवारी मी फाटकाबाहेर उभा राहत असे. आईने दिलेलं गाठोडं एका दगडावर ठेवून मागे सरायचं, हा नियम. रखवालदार ते काठीने आत ओढी आणि तासभर उन्हात ठेवी. रोग आत होता आणि माझ्या हातची भाकरी ऊन खात पडे. ताई कारंज्याच्या कठड्यापर्यंत येऊन बसे. फाटक तिथून इतकं लांब होतं की बोलायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि ओरडलं की खोकला आला असता. आम्ही एकमेकांकडे पाहायचो. मग ती हात वर करी आणि मी स्टेशनाकडे निघे. आत जायला एकच वाट होती, खरं सांगणं. खरं सांगितलं असतं तर ताई बाहेर आली असती.

रखवालदाराची बायको ताईला दूध आणि भात नेऊन देई. चौथ्या की पाचव्या रविवारी ती फाटकाशी आली.

“तुमची बहीन लय सोवळ्याची,” ती म्हणाली. “कप माझ्या हाती देत नाय. ताट सोता घासती, वर उकळतं पानी वतती. मी उंबऱ्यात पाय टाकला तर म्हनती, लांब राहा. आमी काय बाटवतो का तिला?”

आईने निघताना ताईला तसंच शिकवलं होतं. भांडी वेगळी ठेवायची, कोणी विचारलं तर सोवळं सांगायचं. दुसरं कारण देता येत नव्हतं.

“तिचं व्रत आहे,” मी म्हणालो.

“किती दिसाचं?”

“बरं वाटेपर्यंत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “असलं व्रत आमच्यात नाय बा. तुमा शिकल्यासवरल्या लोकांत असंल,” म्हणाली आणि गेली.

हे चूक होतं. त्या घरातली माणसं काही न कळता धोक्यात होती आणि वर अपमानही गिळत होती. मला तेव्हाही ते माहीत होतं. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाऊन उभा राहिलो.

पौषात ताई कठड्यापर्यंत यायला वेळ घेऊ लागली. माघात ती कलमांपाशीच बसे. आंब्याला मोहर आला होता. मला झाडं दिसत, तिचं तोंड नीट दिसत नसे. त्याच सुमारास एका शनिवारी रुग्णालयाचं पोस्टकार्ड आलं. खाट रिकामी झाली होती, तीन दिवसांत हजर व्हायचं होतं. रविवारी मी ते खिशात घालून गेलो. ताई बाहेर आली नाही. मी फाटकाच्या गजांना धरून उभा होतो. हाक मारावी तर काय सांगून मारावी, हे ठरेना.

रखवालदार आला आणि त्याने अडसर काढला.

“आत या.”

“मला खोकला—”

“बारा आईतवार हितं उभं ऱ्हायलाव. तास तास. एकदा तरी खोकलाव का?”

मी गजांवरचे हात काढले.

“तिसऱ्या आईतवारी कळलं मला,” तो म्हणाला.

“मग गाठोडं उन्हात का ठेवत होतात?”

“बायको बगत होती.”

“शेठला कळवलं नाहीत?”

“कळवलं असतं तर बाय कुठं गेली असती?”

खोलीत त्याची बायको खाटेशी बसली होती. ताईचं डोकं तिने हातावर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने कप तिच्या तोंडाशी लावत होती. ताईचाच कप. ताई मान फिरवून म्हणत होती, “तुम्ही हात नका लावू.”

“गप ऱ्हा बाय. झालं तुजं सोवळं,” ती म्हणाली.

मी पोस्टकार्ड दाखवलं. रखवालदाराने बैलगाडी जोडली, पेंढा अंथरला, त्यावर गोधडी. ताईला मी आणि त्याने उचललं. तिचं वजन दोघांची गरज पडावी इतकं नव्हतं. गाडी मागच्या बाजूने थेट रस्त्याला लागली असती, पण ताईने माझी बाही ओढली.

“त्या दिवशी मी काही पाहिलंच नाही,” ती म्हणाली. “सगळा वेळ खोकला दाबून होते. आरसा होता ना एक?”

रखवालदाराने ऐकलं. त्याने बैल बंगल्याकडे वळवले. आरसा गाडीतून दिसणार नव्हता. म्हणून त्याने दिवाणखान्याच्या खिडक्या बाहेरून एकेक उघडल्या आणि गाडी पायऱ्यांशी उभी केली.

“बेल्जमचा,” त्याने पहिल्या दिवसासारखीच सुरुवात केली. “बोटीनं मुंबई—”

ताई खोकायला लागली. तो थांबला. खोकला बराच वेळ चालला. संपल्यावर तो म्हणाला, “मुंबईपासून हितं बैलगाडीनं. माझा आजा संगं चालत होता, बैलापुढं.” कारंज्यापाशी पुन्हा तसंच झालं, बकुळीपाशी पुन्हा. प्रत्येक वेळी तो बैलांचा कासरा धरून उभा राही आणि राहिलेलं वाक्य पुरं करी. एकही वाक्य त्याने गाळलं नाही.

रुग्णालयात ताई नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी सकाळी आम्हाला कळवण्यात आलं.

पुढच्या वर्षी आई म्हणाली, त्या माणसांना एकदा भेटून ये. मी दोनदा बदलापूरपर्यंत गेलो आणि स्टेशनावरूनच परतलो. त्या घरात कोणाला खोकला लागला का, हे मला विचारावं लागलं असतं.