सुटलेली पुरवणी

काल सोनाराने बोरमाळेच्या मण्यांत भरायला लाख तापवली आणि त्या वासाने मी दुकानाबाहेर आलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी परीक्षा केंद्रावर हाच वास आला होता; दहावीचा गणिताचा पेपर संपला होता. मी भूगोलाचा शिक्षक, त्या वर्गावर पर्यवेक्षक. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर लाखेचं सील लागलं आणि नंतर बाकाखाली मला एक पुरवणी दिसली. दोरा सुटलेला. नंबर आमच्याच शाळेतल्या सुनीताचा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती परीक्षेसाठी चुलत्याकडे खर्ड्याला राहिलेली. दोरे बघून घेणं माझंच काम होतं.

"आता सील फोडायचं म्हणजे बोर्डाला कळवावं लागेल. तुमच्यावरच येईल, सर," केंद्रप्रमुख हळूच म्हणाले. मी पुरवणी घडी करून खिशात घातली.

निकालाच्या दिवशी सुनीता गुणपत्रिका घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "सर, समदी गणितं सोडवली हुती मी. नापास कशी झाले?"

"ऑक्टोबरला परत बस," मी म्हणालो.

ती बसली नाही. दिवाळीनंतर कोयता घेऊन आईबापांबरोबर फडावर गेली.

त्या पेपरच्या संध्याकाळीच मी घरी गाईड समोर ठेवून तिची पुरवणी तपासली होती. सगळी गणितं बरोबर होती.