दातांचे वण

मिरजोळ्याच्या एका दवाखान्यात विमलाबाई वीस वर्षं मलमपट्टी करताहेत. चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करतात, बाईंची प्रार्थना मात्र उघड्या डोळ्यांची. जखमेला हात लावण्याआधी हातातलं सगळं खाली ठेवायचं, समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि तो बोलेपर्यंत गप्प बसायचं. येशू वाटेतल्या माणसांसाठी असाच थांबायचा, असं त्यांचं म्हणणं. रांग खोळंबते, डॉक्टर वैतागतात, पण बाई बधत नाहीत.

हे शहाणपण त्यांना उशिरा सुचलं. शेजारच्या वाडीतली शकू पूर्वी तीनदा आली होती. एकदा भुवई फुटलेली, एकदा मनगट मोडलेलं, एकदा पाठ भाजलेली. तिन्ही वेळा "पायरीवरनं पडले" म्हणाली. पायरीवरून पडून पाठ कशी भाजते, हे विचारायला बाईंना सवड कुठे होती? त्यांचं लक्ष पट्टीवर होतं. त्याची लाज त्यांना अजून वाटते.

परवा सकाळी शकूचा नवरा महिपत आला. दंडाला गुंडाळलेला टॉवेल रक्तानं चिंब.

"कुत्र्यानं चावलान," तो म्हणाला.

कुत्र्याचे चावे बाईंनी शेकड्यांनी पाहिले होते. हे दात माणसाचे होते, बारीक आणि खोलवर रुतलेले. स्पिरिटची अख्खी बाटली त्या जखमेवर ओतावी आणि हा किंचाळेपर्यंत ओतत राहावं, असं त्यांना वाटलं. त्याचं तोंड बघवत नव्हतं. तरी त्यांनी कापूस खाली ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"महिपत, शकू कुठं आहे?"

दुसऱ्या हाताचा ठोसा थेट डोळ्यावर बसला. टेबल उलटलं, बाटल्या फुटल्या. बाईंनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या ठोशानं ओठ फाटला. रांगेतली माणसं धावली, तशी बाईंनी त्यांना हातानंच थोपवलं.

"मी ऐकतेय, बाबा. सांग."

तिसऱ्यांदा उगारलेली मूठ हवेतच राहिली. बाईंचा एकच डोळा उघडा होता, पण तो त्याच्यावरून हलला नव्हता. महिपत मटकन खाली बसला.

"चिरेखाणीत ढकललंय तिला. वराडत होती, मग गप झाली."

रांगेतलीच माणसं खाणीकडे पळाली. शकू अर्ध्यावरच्या कपारीत अडकली होती. पाय मोडलेला, गळ्यावर बोटांचे निळे वळ, पण श्वास चालू होता. महिपतला पोलिसांनी नेलं. रुग्णवाहिका येईपर्यंत शकूला दवाखान्यातल्या बाकावर निजवलं आणि बाई तिच्याशेजारी टेकल्या. हातातलं सगळं खाली ठेवून त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शकूनं डोळे उघडले. बाईंच्या सुजलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली.

"बाई, तुमाला कोणी मारलान?"

बाटली लागली म्हणून सांगणं सोपं होतं.

"महिपतनं," बाई म्हणाल्या.

शकूनं हात उचलून बाईंच्या फाटलेल्या ओठाला लावला.

"मला पण त्यानंच," ती म्हणाली. "आमच्या घराला पायरीच नाय, बाई."