आधी जेवण विचारा

"आधी जेवण विचारा," असं म्हणताना ताईंचा उजवा हात तोंडाशी जायचा, बोटांत घास असल्यासारखा.

प्रश्न विचारणाऱ्या बाया तुमच्याही गल्लीत आल्या असतील. मोबाईलवरच्या जुगारानं घरांचं काय होतं ते समजून घ्यायला या ताई गारखेड्यात आल्या होत्या. पण स्वतः विचारायच्या नाहीत, आम्हालाच विचारायला शिकवायच्या. मी चौथी पास. मला वाटलं, हिला दुसरं कोणी मिळालं नसेल.

दुष्काळाचं साल. टँकरची वाट बघत आम्ही देवळाच्या ओट्यावर बसायचो, तिथंच त्यांची शाळा भरायची. "किती हरला, असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. आधी जेवण विचारा."

पहिल्याच खेपेला आम्ही घोळ घातला. बायांना नुसतंच कसं बोलवायचं, म्हणून हळदीकुंकू ठेवलं. सासवा पुढं, सुना मागं. जुगाराचं काढलं तर सगळ्या म्हणाल्या, "आमच्यात तसलं काई नाय."

ताईंनी वाणाचा चमचा पिशवीत टाकला. "मावशी, सासूसमोर कोण सांगेल?"

"माझी सून सांगंल. माझ्या घरात लपवायसारखं हाय काय?"

दुसऱ्या दिवशी सराव होता. एकीनं विचारायचं, दुसरीनं जुगाऱ्याची बायको होऊन खोटंखोटं सांगायचं. माझ्यासमोर सून बसली. बाकीच्या फिदीफिदी हसत होत्या.

"नवरा जेवतो का गं?"

"नाय. गच्चीवर टाकीपाशी बसून मोबाईल खेळतो."

"अन् बोलतो काय?"

तिनं पदर बोटाला गुंडाळला. "परवा म्हणला, मी नसलो तर तुमी सुटाल."

टाकीपाशी माझा पोरगाच बसायचा. हसणं थांबलं. ताईंनी पेनाला टोपण लावलं. "हे लिहायचं नाही," म्हणाल्या आणि माझा हात धरून घराकडे निघाल्या. त्यांचा हात माझ्याहून गार होता.

"माझ्या भावाला मी हिशेबच विचारत राहिले, मावशी." वाटेत एवढंच बोलल्या. पुढचं मी विचारलं नाही.

पोरगा गच्चीच्या कठड्याला टेकून उभा होता. तोंडात आलेल्या शिव्या मी गिळल्या.

"जेवला का रं?"

तो खाली बसला आणि रडायला लागला. ताई जिन्यातच थांबल्या होत्या. त्याच दिवशी त्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं.

पुढं ताईंचं इथलं काम संपलं. आता दुसऱ्या कुठल्या ओट्यावर शिकवत असतील. पोरगा कामाला जातो, डॉक्टरकडेही जातो. पण तो गच्चीवर गेला की भाकरी तव्यावर टाकून मी खालून हाक मारते, "जेवतो का रं?" हात आपोआप तोंडाशी जातो.

त्याचा आवाज येईपर्यंत मला भाकरी उलटायचं सुचत नाही. करपलेली भाकरी सून मुकाट्यानं आपल्या ताटात घेते.