सांडलेला पाऊस

आमची आत्या भित्री. बाबा तिचे थोरले भाऊ. त्यांनी लहानपणीच तिचं नाव भित्री भागूबाई ठेवलं आणि तिचे केस पिकले तरी ते बदललं नाही. पाल दिसली की किंचाळायची, जिना उतरताना कठडा सोडायची नाही. अशा बाईला नोकरी मिळाली ती नदीच्या कचेरीत, पावसाच्या आकड्यांच्या खोलीत. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

नदी आमची लांबलचक. तिच्या खोऱ्यात ठिकठिकाणी पाऊस मोजायची मापकं बसवलेली. जवळ राहणारं कुणीतरी रोज त्यातलं पाणी मोजून आत्याला फोनवर आकडा सांगायचं. कुठं शाळेचा शिपाई, कुठं पोस्टमन, वर डोंगरात एक दूधवाले काका. आत्या ते आकडे जुन्या आकड्यांशेजारी मांडायची. जितकं मांडायची तितकी जास्त घाबरायची.

"अगं, वर्षाचा पाऊस आजोबांच्या वेळेएवढाच आहे ना?" बाबा म्हणायचे. "मग रडतेस कशाला?"

"तेवढाच आहे रे दादा, पण दिवस कमी झालेत. आठवडाभर रिपरिपायचा तो आता एका दुपारी ओततो. सरासरीवर जाऊ नकोस. सरासरी काढली तर या घरात सगळेच अर्धे टकले आहेत."

बाबा टकलावरून हात फिरवून हसायचे.

बाबांचा पुस्तकबांधणीचा कारखाना तळमजल्यावर, नदीच्या भिंतीला खेटून. मागच्या दोन खोल्यांत बाबा आणि मी. सगळीकडे खळीचा वास आणि कागदाचे गठ्ठे. भिंत बाबांच्या डोक्याच्याही वर हातभर. खोऱ्यात आजवर पडलेला सगळ्यात मोठा पाऊस धरून तिची उंची ठरवली होती, आणि तो हिशेब आत्याच्याच खोलीत झाला होता. बाबांचा त्या भिंतीवर देवावर नसेल इतका भरवसा. मी मात्र पलीकडून पाण्याचा आवाज वाढला की भीतीनं ताट बाजूला सारायचे. मी बोलले नाही कधी. घराण्यात एक भागूबाई पुरे होती.

पावसाच्या दिवसांत आत्या फोन करून ओरडायची, "दादा, टेकडीवर जा म्हणते ना! ऐकत का नाहीस?" बाबा रिसीव्हर कानापासून लांब धरायचे. तिचा आवाज खोलीभर ऐकू यायचा आणि आम्ही हसायचो.

त्या दिवशी आमच्याकडे चक्क ऊन होतं. डोंगरात मात्र पहाटेपासून कोसळत होता. अशा वेळी दर तासाला मापकातली बाटली मोजून रिकामी करायची आणि आकडा कळवायचा, असा नियम. दूधवाल्या काकांचा आकडा चढत गेला, आणि मग तासामागून तास तोच येत राहिला. आत्याच्या साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "स्थिरावला बघा. आता उतरेल."

आत्यालाही तेच हवं होतं. पण आकडा तसूभरही हलत नाही, हे तिला खटकलं. पाऊस इतका शिस्तीत पडतो कुठं? तिनं काकांना फोन लावला.

"काका, बाटली काठोकाठ भरतेय का?"

"भरतेय कसली, वाहतेय. खालच्या डब्यात पडतंय."

"आणि डब्यातलं पाणी?"

"ते ओतून देतो. दुधाच्या केंद्रावर माप भरलं की भरलं. सांडलेलं कुठं धरतात, बाई?"

"कधीपासून असं करताय?"

"कायमच. माझ्या आधी वडील बघायचे, तेही असंच करायचे."

आत्याच्या पायाखालची जमीन सरकली. काकांना बोल लावावा तर माणूस प्रामाणिक, एक थेंब वाढवून सांगितलेला नाही. पण भिंतीच्या हिशेबात सगळ्यात मोठा पाऊस म्हणून जो आकडा धरला होता, तो काकांच्याच मापकाचा होता. तो पावसाचा आकडा नव्हताच, बाटलीचा होता. बाटलीच्या मापानं बांधलेल्या भिंतीमागं तिचा भाऊ खळ लावत बसला होता. ऐकून साहेब पांढरेफटक पडले आणि भोंगा वाजवायला सांगण्यासाठी धावले.

आमचा फोन वाजला. बाबांनी सवयीनं रिसीव्हर लांब धरला. "बोला भागूबाई! भीती वाटतेय?"

काहीच ऐकू येईना. बाबांना रिसीव्हर कानाला लावावा लागला. ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं. "नाही वाटत, दादा. भिंत पुरणार नाही. पोरीचा हात धर आणि नीघ. काही घेऊ नकोस."

बाबा हसायला गेले, पण हसू आलं नाही. हातातला ब्रश खळीत तसाच टाकून त्यांनी माझा हात धरला. आम्हाला उन्हात पळताना बघून गल्ली हसली. तेव्हा बाबांनी जन्मात प्रथमच भागूबाईसारखं ओरडून सगळ्यांना घराबाहेर काढलं. त्यातच भोंगा वाजला. टेकडीवर पोचून वळून पाहिलं, तर भिंतीवरून पाणी आत सांडत होतं, भरलेल्या पातेल्यातून सांडतं तसं.

आता नवी भिंत बांधायचीय. साहेब विचारतात, "मोठ्यात मोठा पाऊस किती धरायचा?" आत्या म्हणते, "माहीत नाही. सांडला तो कुणी मोजलाच नाही." काका आता डबाही मोजतात, पण गेलेला पाऊस काही परत येत नाही. आम्ही पुन्हा त्याच तळमजल्यावर आलो, जाणार कुठं?

हल्ली बाबाच तिला फोन लावतात. "भीती वाटतेय का गं?" आत्या ओरडते, "वाटतेय म्हणजे काय, जीव जातोय माझा!" ते खोलीभर ऐकू येतं. मग बाबा निवांत कामाला बसतात आणि मलाही दोन घास जातात.

आज सकाळीही त्यांनी फोन लावला, तेच विचारलं. मला उत्तर ऐकू आलं नाही. बाबांनी रिसीव्हर हळूच कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं माझा हात धरला.