बिनशिट्टीचा कुकर

हमरापुरात गणपतीचं पीतांबर बघून लोक सांगतात, हा हात चंद्रावतीचा. लग्न होऊन हिरामणच्या गणपतीच्या कारखान्यात आली तेव्हापासून मुकुट, दागिने, सोंडेवरची नक्षी, सगळं तिनं केलं. राहिले ते डोळे. आणि जीव अडकला होता तो नेमका त्या डोळ्यांतच!

डोळ्यांच्या आखणीचा नियम मोठा कडक. रांग धरली की संपेपर्यंत उठायचं नाही. मध्ये उठलं की हाताची बैठक मोडते, एका मूर्तीची नजर दुसरीला जुळत नाही. आता घरातली बाई एवढा वेळ बसणार कशी? ब्रश टेकवला की कुकरची शिट्टी, शिट्टी झाली की पळ. तुम्ही म्हणाल, नवऱ्यानं गॅस बंद केला असता तर त्याचे हात झिजले असते का? नसते झिजले! पण त्याच्या ते डोक्यात आलं नाही, आणि तिनं कधी सांगितलं नाही. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय. डोळे आपले शेजारचे पुंडलिककाकाच आखायचे.

यंदा ऐन हंगामात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते घरी बसले. इकडे मूर्तींची अख्खी रांग कोऱ्या डोळ्यांनी उभी, आणि टेम्पो दिवेलागणीला येणार.

"पेणवरनं कोण मिळतो का बघतो," हिरामण म्हणाला.

"मी बसते," चंद्रावती बोलून गेली.

"आणि रातचं जेवाण? कारखान्यातल्या पोरांनी काय रंग खायचा?"

तिनं माळ्यावरचं खोकं ओढून काढलं. रोह्याला दिलेल्या लेकीनं, नमितानं, दिवाळीला मागवून दिलेला स्लो कुकर. "आई, यात टाकायचं आणि विसरायचं," असं ती म्हणाली होती. विसरायचं? शिजत ठेवलेलं विसरणारी बाई हमरापुरात अजून जन्माला यायची होती! म्हणून तर खोकं माळ्यावर गेलं होतं.

बटाटे सोलता सोलता तिनं लेकीला फोन लावला.

"चकत्या पातळ कर," नमिता म्हणाली. "भांड्याला लोणी फास. बटाट्याचा थर, वर कांदा, ठेचलेला लसूण, मीठ, मिरी, किसलेलं चीज. परत बटाटा. शेवटी वरनं साय फेटून ओत आणि उरलेलं चीज पसर."

"हिरवी मिरची?"

"घाल गो, तुला कोण अडवणार!"

"आणि शिट्ट्या किती?"

"आई, शिट्टी होतच नाय त्याला. आपलं आपण शिजतं. झाकण तेवढं उघडू नको."

चंद्रावतीच्या हातातली सुरी थांबली. शिट्टीच नाही? मग उठायचं कशाला? तिला एकदम हसूच फुटलं. थर लावले, झाकण ठेवलं, बटण दाबलं, शेजारच्या सीताबाईला भाकऱ्यांचं सांगितलं आणि पदर खोचून ती पहिल्या मूर्तीसमोर बसली.

पहिला डोळा आखायला घेतला. रेघ उतरली. दुसरी उतरली. मग हात असा काही लागला की विचारू नका!

थोड्या वेळानं हिरामण दारात. "अगो, शिट्टी नाय झाली."

"होणार नाय."

परत आला. "बिघडलाय तो. उघडून बघू काय?"

"झाकणाला हात लावाल तर बघा!" मान वर न करता ती म्हणाली. रंगावरची पोरं खीखी हसली.

अर्धी रांग झाली असेल, आणि एकदम कुकरची शिट्टी झाली. शेजारच्या घरातली! पण चंद्रावतीचा पाय सवयीनं आपसूक उचलला. ब्रश डोळ्याच्या कोपऱ्यावर टेकलेला. 'आपली नाय ती, बस खाली,' तिनं स्वतःलाच दटावलं, आणि रेघ न हलता पुरी केली.

मग लसूण आणि चीजचा असा वास सुटला, की पोरांचे ब्रश रेंगाळायला लागले. तिचा नाही रेंगाळला.

शेवटचा डोळा झाला तेव्हा पुंडलिककाका हिरामणचा हात धरून आले. उघड्या डोळ्यानं बघत रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला गेले, परत आले.

"चंद्रा," काका म्हणाले, "कुठं पन उभा ऱ्हायलो गो, सगले गणपती माझ्याकडंच बघतात."

चंद्रावती तिथंच रडली. आनंदानं रडली, लाजली बिजली नाही.

मूर्ती टेम्पोत चढल्या आणि मग झाकण उघडलं. कडेनं चीज खरपूस धरलेलं, बटाटा बोटानं दाबला तरी मोडेल असा. सीताबाईच्या भाकऱ्यांबरोबर पोरांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं. हिरामणनं घाईत जीभ भाजून घेतली, तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलंच.

हात धुऊन तो आत गेला आणि बटाट्यांची टोपली घेऊन बाहेर आला.

"उद्याची रांग पन तूच घे," तो म्हणाला. "चकत्या किती पातल करायच्या, तेवढं मला सांग."