द्वितीयेची भरती

पनवेल-उरणच्या खाडीपट्ट्यात निशा नाखवाला पत्रकार म्हणून ओळखणारे कमी आणि ‘भरतीवाली’ म्हणून ओळखणारे जास्त. आधी तिला याचा राग यायचा. राग येणारच. पत्रकारितेची पदवी घेतली, एका साप्ताहिकात पाच वर्षं चपला झिजवल्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या काढल्या, आणि लॉकडाऊनमध्ये साप्ताहिकाने मान टाकली. हातात मोबाईल तेवढा उरला. मग जुन्या एसटी स्टँडमागे झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली भाड्याने घेऊन तिने ‘खाडीकाठ’ नावाचं चॅनल काढलं. पहिले दोन महिने ते बघणारी माणसं तीन: ती स्वतः, तिची आई आणि खालचा झेरॉक्सवाला. तोही पुढे बघेनासा झाला.

चॅनल जगवलं तिच्या वडिलांनी. काळूराम नाखवांचा जन्म होडीवर गेला होता. ते म्हणाले, बातम्या कोण बघतो, तू भरती सांग. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा त्यांचा जुना हिशेब. चतुर्थी असली तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला खाडी भरणार. छापील तक्ते असतात, सरकारी असतात, पण पहाटे चिखलात उभं राहून तक्ता कोण उघडणार? निशा रोज सकाळी सहाला भरती सांगू लागली आणि भरतीच्या मागोमाग बातम्याही लोकांच्या गळी उतरू लागल्या. उलव्याचे खड्डे, कोनच्या वळणावरचे अपघात, शाळेचं गळकं छप्पर. वर्षाभरात मोरा बंदरापासून पनवेलपर्यंत माणसं चहा आणि निशा बरोबरच घ्यायला लागली.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी काळूरामांच्या छातीत दुखलं. निशा हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून राहिली. दोन रात्री तिला चार रात्रींइतक्या लांब गेल्या आणि तिथींचा हिशेब तिथेच सुटला. सकाळी सहाला तिने डोळ्यांवर पाणी मारलं, कॅलेंडर न बघता चतुर्थी धरली आणि मोबाईलसमोर सांगून टाकलं, आज भरती दुपारी तीनला. त्या दिवशी होती द्वितीया. भरती दीडला होती.

दुपारी घरी परतताना बांधावर तिला डंपर दिसले. तिवरांची झाडं चिरडून भर खाडीत राडारोडा ओतला जात होता. तिने सव्वादोनला व्हिडिओ काढला, डंपरच्या नंबरांसकट. संध्याकाळी तो हजारो लोकांनी पाहिला. पण त्याच संध्याकाळी दुसरीही खबर आली. शिवा कोळी, काळूरामांचा लहानपणापासूनचा सोबती, तीनच्या भरतीच्या भरवशावर होडी घेऊन खाडीत शिरला आणि उतरत्या पाण्यात चिखलात रुतला. होडी दगडावर कलली, फळी फुटली, आणि मग रात्रीच्या भरतीने इंजिनातही पाणी भरलं.

निशाने तेव्हा कुठे कॅलेंडर पाहिलं. मग तिने जे केलं ते तिने पुढे वर्षभर कुणाला सांगितलं नाही. सकाळचा भरतीचा व्हिडिओ तिने काढून टाकला. चूक झाली असं चार शब्दांत सांगता आलं असतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिने मनाला समजावलं.

गावाला मात्र कारण हवंच होतं. बाकीचे पाणी बघून मागे फिरले होते आणि सकाळचा व्हिडिओ तर आता राहिलाच नव्हता. शिवाने दहा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. चाळीस वर्षं होडी हाकणारा नाखवा दिवसाढवळ्या रुततो म्हणजे परत सुरू झाली असणार, असं ठरवून गाव मोकळं झालं. त्याची बायको चंद्रावती पनवेलच्या मच्छीबाजारात बसायची. तिने त्याला देवासमोर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि तरीही विश्वास ठेवला नाही. होडी विकून शिवा मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधायच्या कामाला लागला. निशाला हे सगळं कळत होतं. बातमी शोधणं तिचा धंदा होता, आणि ही बातमी तिच्याच घरात दडलेली होती.

भराव टाकणाऱ्या कंपनीने बदनामीचा खटला भरला. समन्स आलं, जामीन झाला, पनवेलच्या कोर्टाच्या पायऱ्या पाठ झाल्या. आणि एका तारखेला कंपनीच्या वकिलांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात निशाने काढून टाकलेला तो भरतीचा व्हिडिओ होता. कुणीतरी तो आधीच उतरवून ठेवला होता. मुद्दा साधा होता. आरोपी स्वतः सांगते की भरती तीनला. मग सव्वादोनला पाणी वर चढत असायला हवं. पण डंपरच्या व्हिडिओत थर्माकोलचा एक तुकडा वाहत समुद्राकडे चालला आहे, म्हणजे पाणी उतरतंय. सबब हा व्हिडिओ त्या दिवशीचा नाही, बातमी बनावट आहे.

 निशाला हसू आलं, पण ते तिने गिळलं. कंपनीचा वकील बरोबर बोलत होता, त्याच्या तोंडून तिचीच चूक बोलत होती.

तिच्या वकील वसुंधरा मॅडम शांतपणे म्हणाल्या की दोन रस्ते आहेत. कंपनी तडजोडीला तयार आहे: डंपरचा व्हिडिओ काढून टाक, माफी माग, खटला संपला, आणि भरतीचं प्रकरण कुणी कधी उकरणार नाही. नाहीतर सरकारी तक्ता लावू, भरती दीडलाच होती हे दाखवू, म्हणजे व्हिडिओ खरा ठरेल. पण मग तीन ही वेळ तू चुकीची दिलीस हे शपथेवर सांगावं लागेल. खरी बातमी पुसायची की खोटी भरती कबूल करायची, एवढाच प्रश्न होता. मॅडमना वाटलं निशा भरावाच्या कंपनीला घाबरते आहे. निशा घाबरत होती ती धक्क्यावर दोर बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याला.

ती मोऱ्याला गेली. लाँच नुकतीच सुटली होती आणि शिवा दोराचं वेटोळं घालत बसला होता. निशाने प्रस्तावना केली नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: तिथी चुकली, व्हिडिओ काढून टाकला, वर्षभर गप्प बसले. 

शिवाने वेटोळं पूर्ण केलं. मग म्हणाला, “मना म्हाईत व्हता.”

त्याने त्या सकाळी तो व्हिडिओ तीनदा ऐकला होता. दुपारी खाडीच्या तोंडाशी पाणी उतरतंय हे त्याला दिसतही होतं. “डोल्यांना दिसत व्हता,” तो म्हणाला, “पन म्हटला, काळूची पोर खोटा नाय सांगाची.” संध्याकाळी पाहिलं तर व्हिडिओ गायब. तेव्हाच तो समजला.

मग बोलला का नाहीस, काका, असं तिने विचारलं.

“तुजा बापूस दवाखान्यान व्हता,” शिवा म्हणाला. “त्यो घरी आल्यावर तू येशील, आसा वाटला.” मग म्हणाला, “कोर्टान सांग. पन आदी आपले लोकांना सांग. सकाली सहाला, भरतीचे टायमाला.”

साक्षीला येशील का, हे विचारायचं निशाला धाडस झालं नाही. तोच म्हणाला की येईन, तारीख कळव.

वसुंधरा मॅडम भडकल्या. कोर्टात सांगायच्या आधी जगाला सांगायचं कुठल्या कायद्यात बसतं, असं त्यांनी विचारलं. निशाने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोबाईल लावला. आजची भरती सांगितली. मग मागच्या वर्षीची ती तारीख सांगितली, तीन वाजता म्हटलं ते खोटं होतं, भरती दीडला होती, आणि शिवा कोळींची होडी माझ्यामुळे रुतली. ते प्याले नव्हते. त्यांनी माझं ऐकलं, एवढीच त्यांची चूक. पावणेतीन मिनिटांत हे सगळं आटोपलं.

खटला अजून चालू आहे. तक्ता दाखल झाला, शिवाची साक्ष झाली, व्हिडिओ तपासणीला गेला आणि पुढची तारीख पडली. तारखांचं काय, त्या पडतच असतात. काही हजार लोकांनी चॅनल सोडलं. शिव्या आल्या, त्या तिने वाचल्या. काही खलाशांनी कळवलं की आता आम्ही तक्ता बघतो, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. व्हिडिओ टाकून निशा तशीच मच्छीबाजारात गेली. चंद्रावतीचे पाय धरायचे, ती टोपली अंगावर भिरकावेल तर झेलायची, असं ठरवून. बाजार भरला होता. चंद्रावतीच्या टोपलीभोवती गर्दी होती, पण मासळीचा भाव कुणी करत नव्हतं. टोपलीच्या कडेला, बोंबलांना टेकवून, मोबाईल उभा होता, आवाज पूर्ण मोठा केलेला. त्यातून निशाचाच आवाज येत होता. ते प्याले नव्हते. त्यांनी माझं ऐकलं.

व्हिडिओ संपला. चंद्रावतीने मान वर केली, तेव्हा गर्दीतली निशा तिला दिसली.  चंद्रावतीचे डोळे सुजलेले होते. तिच्या घरात त्या सकाळी आणखी एक माफी मागून झाली होती, हे निशाला न सांगता कळलं.

निशा पुढे व्हायला लागली. चंद्रावतीने हात वर करून तिला तिथेच थांबवलं. मग खवलं लागलेलं बोट पदराला पुसलं आणि मोबाईलवर टेकवलं.

“आनखी येकदा लावते,” ती बाजाराला म्हणाली. “मागचे बायांना आयकाला नाय आला.”

निशा हलली नाही. गर्दीत उभी राहून तिने पावणेतीन मिनिटं स्वतःचा आवाज ऐकला. मग चंद्रावतीने तो पुन्हा लावला.